घरच्याला जेव कोण म्हणतं?

लहानपणी घरात गरम भाकरी खाल्ल्याचं मला आठवत नाही. यात आईचा दोष नव्हता. ती बिचारी तव्यावरून उतरवलेली भाकरी थेट ताटात टाकायची, वाफ निघत असायची, आणि नेमके तेव्हाच आबा डोळे मिटायचे. माझ्या वडिलांची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे गावाला एक फेरी असे. आधी देवाचे उपकार, मग पाऊस, मग बैल, मग गावातले आजारी नावानिशी, मग सरकारला सद्‌बुद्धी. शेवटी ठरलेलं वाक्य, "प्रभू येशू, तू आमच्यात जेवायला बस, आनि ज्या हातांनी हे शिजवलं त्या हातांना आशीर्वाद दे." तोवर कालवणावर साय धरलेली. आई एक डोळा उघडा ठेवायची, मांजरासाठी. मी दोन्ही उघडे ठेवायचे, कशासाठी ते सांगत नाही. आता माझ्या सुनेच्या टेबलावर प्रार्थना चार शब्दांत उरकते आणि भाकरी तोंड भाजेल इतकी गरम असते, तरी मीच म्हणते, अगं, जरा थांब. माणूस असा विचित्र असतो.

आमचं गाव मिरजगावच्या बाजूचं. कोरडवाहू जमीन, ज्वारी, तूर, हुलगा, आणि ऊस फक्त दुसऱ्यांच्या गप्पांमध्ये. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, पत्र्याचं छोटं मंदिर, त्याच्या दारापुढे एक लांब ओटा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा लूनावरून यायचे, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मेजावरची भाकर सगळ्यांनी वाटून खायची. एरवीच्या रविवारी आबाच शास्त्र वाचायचे, आणि ते जमलं नाही तर त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आबांसकट सगळे तात्या म्हणत. दोन्ही भावांची घरं पाठीला पाठ लावून होती. मधे परसातली एक मातीची भिंत, ती एका पावसाळ्यात मधोमध खचली आणि छातीएवढीच उरली. ती कुणी बांधलीही नाही आणि पाडलीही नाही.

माझी आधीच ओळख करून देते. या दोन्ही घरांतली पहिली पदवीधर मी, सुवार्ता. बी.ए., नगरच्या कॉलेजातून. नगरचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडाला अजून ते वळण लागलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घराण्यात दुसरं कुणी सांगायला नव्हतं. पण हे प्रकरण बी.ए.चं नाही. नगरला जायच्या आधीच्या आठवड्याचं आहे.

तेव्हा आबा आणि तात्या एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल, पण आमच्याकडे कुणी हसलं नव्हतं. तात्यांच्या मुलीचं लग्न झालं. आबा नवरीचे चुलते, म्हणजे घरचेच. पहाटेपासून चुलवणावर उभे, पंगतीत वाढपी, वऱ्हाडाच्या मागे धावायला तेच. पंगतीवर पंगत उठली. प्रत्येक पंगतीत तात्या हात जोडून फिरत होते, पाव्हनं, बसा, पाव्हनं, संकोच करू नका. आबांना मात्र कुणी बस म्हटलं नाही. आबा वाट बघत राहिले. शेवटी भांडी घासायला पडली तेव्हा ते धोतराला हात पुसत घरी आले आणि आईला म्हणाले, "भाकरी हाय का?"

आई म्हणाली, "आवं, लग्नातनं उपाशी आला?"

"मला कोनी जेव म्हनलं न्हाई."

तात्यांचं म्हणणं गावानं आमच्यापर्यंत पोचवलं. ते असं, "घरच्याला जेव कोन म्हनतं? पातेलं त्याच्या हातात, पळी त्याच्या हातात. मी काय त्याला भरवायचं हुतं?" हे आबांपर्यंत आलं आणि झालं. तात्यांना वाटे, भाऊ असून परक्यासारखा रुसला. आबांना वाटे, भाऊ असून परक्याइतकंही विचारलं नाही. दोघंही बरोबर होते, त्यामुळे मिटायचं काही चिन्ह नव्हतं.

यात सगळ्यात मोठी पंचाईत प्रभुभोजनाची झाली. दोघंही मंडळीतले वडीलधारे, दोघंही शास्त्र जाणणारे. भावाविषयी मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, हे दोघांनीच तर आम्हा पोरांना शिकवलेलं. आता दुसरा कुणी असता तर डोळे मिटून घेतलं असतं. पण हे दोघं प्रामाणिक. आणि प्रामाणिक माणूस हट्टी असला की देवाचीही अडचण होते. पाळकसाहेबांनी भाकरीवरचं फडकं उचललं की पुरुषांच्या बाजूनं दोन माणसं उठायची, एकाच वेळी, एकमेकांकडे न बघता. बाहेर जायची आणि ओट्याच्या दोन टोकांना बसायची. एकाचं तोंड रस्त्याकडे, एकाचं रानाकडे. आत शेवटचं गीत सुरू झालं की दोघं पुन्हा आत. गीत मात्र दोघंही बाहेरूनच म्हणायला लागायचे, आणि तात्यांचा सूर चढा असल्यामुळे आबा मुद्दाम खाली धरायचे. नवीन माणसाला वाटे, ही आमच्या मंडळीची काहीतरी रीतच आहे.

बायकांनी भांडण घेतलं नाही. घ्यायला वेळ कुठं होता? माझी आई आणि मार्था काकू, म्हणजे तात्यांची बायको, यांचा त्या खचलेल्या भिंतीवरून वाट्यांचा व्यवहार आधीपासून होता तो तसाच राहिला. आमच्याकडून दोडक्याचं कालवण गेलं की तिकडून वाटी रिकामी यायची नाही, ठेचा यायचा, आमटी यायची, निदान चार शेंगा यायच्या. फरक इतकाच की आता हे पुरुष घरात नसताना चालायचं. मग संध्याकाळी आबा काकूच्या हातची आमटी भुरकून म्हणायचे, "आज हात लागलाय बग तुझा." आईला नुसतं "हूं" म्हणावं लागे. आपली स्तुती जावेला गेलेली बाई कशी बसते ते मी रोज बघायचे. काकू सांगायची, तिकडेही तीच कथा. तात्या आईच्या कालवणाला नावाजायचे आणि मग काकूला ऐकवायचे, "असं रोज करीत जा की." दोन्ही घरांत प्रार्थना एकच, आजोबांपासून आलेली. म्हणजे दोघं भाऊ रोज संध्याकाळी डोळे मिटून एकमेकांच्या चुलीला आशीर्वाद देत होते, आणि पुन्हा एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

मी मॅट्रिक झाले आणि पुढं अकरावी-बारावी मिरजगावला जाऊन-येऊन केली, तेव्हा पाळकसाहेबांनी नगरच्या वसतिगृहात माझी सोय लावून दिली. म्हणाले, सोमवारी निघायचं आणि आदल्या रविवारी पहिलं प्रभुभोजन घेऊनच निघायचं. त्याच्या तयारीसाठी ते मला अम्माऊसच्या वाटेची गोष्ट शिकवायला बसले. मेलेला येशू उठला, दोन शिष्यांच्या सोबतीनं वाटभर चालला, बोलला, आणि त्यांना ओळख पटली नाही. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी त्याला घरी जेवायला थांबवलं, त्यानं भाकर मोडली, आणि तिथं ओळख पटली.

"का पटली, सांग बाळ," साहेब म्हणाले. त्यांना काहीतरी गहन उत्तर हवं होतं.

मी म्हटलं, "भाकर मोडायची ज्याची-त्याची रीत असती साहेब. आबा मुठीनं दाबून मोडत्यात. आई काठाकडनं मोडती. त्यांनी त्याला मोडताना आधी बघितलं असंल."

साहेबांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाले, "पाठ मात्र पुस्तकातलंच कर."

आमच्या मंडळीत पहिल्यांदा प्रभुभोजन घेणाऱ्याला पुढच्या सतरंजीवर बसवायचे आणि घरचे वडीलधारे त्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे. त्या वर्षी घेणारी मी एकटीच. आठवडा सुरू झाला, आणि माझे दोन्ही वडीलधारे तर ओट्यावरचे. आबा गोठ्यात दावं वळत बसले होते, तिथं मी गेले.

"आबा, रविवारी तुमी कुठं बसनार?"

"कुठं म्हंजे?"

"माझ्याशेजारी का ओट्यावर?"

आबांचे हात थांबले नाहीत. "तुझी आई बसंल की शेजारी."

"मंग मी बी ओट्यावर येती तुमच्यासंगं."

"मंग तुला प्रभुभोजन कसं मिळंल?"

"न्हाई मिळनार. नगरला तशीच जाईन."

"येडी का काय तू?" आबा म्हणाले. स्वतःचं प्रभुभोजन चुकलेलं त्यांनी इतके दिवस सहन केलं होतं. माझं चुकणार म्हटल्यावर दाव्याचा पीळ त्यांच्या हातात सैल पडला. मी आशेनं उभी राहिले. ते एवढंच म्हणाले, "त्यानं एकदा इचारलं असतं तरी झालं असतं." आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेले.

तिकडं मार्था काकू लेकीच्या बाळंतपणासाठी जामखेडला गेलेली. तात्या घरात एकटे. आईला राहवेना. पहिल्याच दिवशी तिनं पिठल्याचं भगुनं माझ्या हातात दिलं. मी भिंतीशी गेले तर तात्या समोरच, चूल फुंकून डोळे लाल झालेले.

"कुनी दिलं?"

"आईनं."

झाकण काढून त्यांनी वास घेतला. मग एक घास बोटावर घेतला आणि तो तोंडात घोळवत राहिले. त्यांच्या डोक्यात काय काय जुळत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हंजे मी तुझ्या काकूला नावाजीत हुतो ते हे व्हय?"

मी भिंतीची माती नखानं उकरत राहिले.

"तुझ्या बाला ठावं हाय का?"

"न्हाई."

"मंग नगं सांगू. उगं त्याची भूक मरंल." आणि भगुनं पोटाशी धरून आत गेले. नंतर रोज भगुनं जायचं आणि शेंगा, कांदे, काहीतरी घालून परत यायचं. रिकामं परत करायला तात्यांनाही जमत नव्हतं.

गुरुवारी आईला थंडी-ताप भरला. ती वाकळ पांघरून पडली आणि चुलीचा ताबा माझ्याकडं आला. पुढं मी पुष्कळ शिकले, पण भाकरी मला तेव्हाही येत नव्हती आणि आताही थापताना नकाशे होतात. दिवस कलता कलता परसातून भांड्याचा आवाज आला. भिंतीवर आमचंच भगुनं ठेवलेलं, वर ताटली झाकलेली, आणि माणूस नाही. उघडलं तर शेंगोळे. हुलग्याच्या पिठात लसूण-तिखट घालून मळायचं, तळहातावर दोरीसारखं वळायचं, टोकं जुळवून कडी करायची आणि लसणीच्या उकळत्या पाण्यात शिजवायची. आजारी माणसाला तोंडाला चव आणणारं खाणं. काकू घरात नाही, म्हणजे हे तात्यांनी स्वतः वळलेले.

आबा आले, हातपाय धुतले, बसले. मी वाढलं. प्रार्थना झाली, आईचं नाव आजाऱ्यांत घातल्यामुळे नेहमीपेक्षा लांब. डोळे उघडून आबांनी ताटाकडं बघितलं आणि हात वरच्या वर राहिला.

"हे कुनी केलं?"

"पोरीनं," आई वाकळीतून म्हणाली. तापात खोटं बोलायलाही तिला जोर लागत नव्हता.

आबांनी एक शेंगोळं उचलून दिव्याजवळ धरलं. आमच्याकडे सगळ्या बायका टोकं नुसती चिकटवतात. याला टोकांवर एक पीळ दिला होता आणि वरून अंगठ्यानं दाबलं होतं. "पोरीला येवढं येत न्हाई," आबा म्हणाले. मला वाईट वाटलं, पण खरं होतं. ते त्या कडीकडे बघत राहिले. मग आमच्याशी नाही, कडीशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आमची आई खडी फोडायला जायची. आमी दोघंच घरी. ह्यो वळायचा आनि मी खायचो. उकलून गळू नये म्हनून पीळ द्यायचा. आधी माझं पोट भरायचं, मग उरलं तर ह्यो खायचा."

आबांनी कडी ताटात ठेवली आणि विचारलं, "त्यो जेवला का?"

"कोन?" आई म्हणाली. तिला ते नाव त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तापातसुद्धा सोडत नव्हती.

"तात्या."

"आमाला काय ठावं. इचारा की."

आबा ताट घेऊनच उठले. मी दिवा घेऊन मागे. भिंतीपलीकडं तात्या उंबऱ्यात बसले होते, काही न करता. ज्यानं वाढलं आणि आता आत काय चाललंय ते कान देऊन ऐकतोय, असा माणूस बसतो तसे.

"तात्या."

"काय?"

"जेवलास का?"

तात्या उठले नाहीत. "मला कोन जेव म्हनतंय?"

"मी म्हनतो."

"मंग न्हाई जेवलो." आता उठले, भिंतीशी आले. दोघं समोरासमोर उभे, मधे छातीएवढी माती. तात्या ताटाकडे बघून म्हणाले, "त्या दिवशी मी तुला म्हनायला पायजे हुतं, दान्या." आबांचं नाव दानियल, पण दान्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलेलं.

"मी बी बसायला पायजे हुतं आपला आपन," आबा म्हणाले. "पातेलं माझ्याच हातात हुतं."

"तेच मी म्हनत हुतो."

"म्हनत हुतास, पर गावाला."

वाटलं, पुन्हा पेटतंय. पण तात्या म्हणाले, "ताट घिऊन इकडं ये. मला भिंत चढवत न्हाई, गुडघं गेल्यात."

"मी ताट घिऊन कसा चढू? तूच ये फिरून फाटकाकडनं."

"आनि तवर निवंल."

शेवटी आबांनी ताट भिंतीवर ठेवलं. माझ्या नकाशासारख्या भाकरीला मुठीचा एक दणका दिला, मोडली आणि अर्धी पुढं केली. तात्यांनी घेतली, पण घास तोंडाशी नेऊन थांबले. "प्रार्थना?"

"झाली माझी."

"माझी न्हाई झाली." तात्यांनी डोळे मिटले. मी दिवा खाली ठेवून सावरून उभी राहिले, कारण तात्यांची फेरी आबांपेक्षाही लांबची, ती तालुक्यापर्यंत जायची. तात्या म्हणाले, "प्रभू, आलास, बरं केलंस. जेव आता." आणि खायला लागले.

एवढीच. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लहान. दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून एका ताटात जेवत होते. मधेच तात्या एक शेंगोळं आबांच्या बाजूला सरकवत होते आणि आबा ते परत सरकवत होते. आतून आई म्हणत होती, "आवं, बसा तरी कुठं." दिव्याच्या उजेडात मला जेवणारे दोघंच दिसत होते, पण मला ते तिघं वाटले. बी.ए. झालेली बाई असं लिहिते म्हणून कुणाला हसायचं असेल तर हसावं. मी पुढं मोठ्या शहरांतल्या मोठ्या मंदिरांत गेले, रंगीत काचा, बाजाची पेटी, चांदीचे प्याले, सगळं बघितलं. तिथंही तो असतोच, मी नाही कशाला म्हणू. पण माझी त्याची ओळख झाली ती परसात. त्याला तात्यांनी "जेव" म्हटलं, हे मी कानांनी ऐकलं.

रविवारी मी पुढच्या सतरंजीवर बसले, एका बाजूला आबा, एका बाजूला तात्या. ताप उतरलेली आई बायकांत. सगळं मंदिर आमच्याकडे बघत होतं. पाळकसाहेबांनी फडकं उचललं आणि सवयीनं थांबले, दोघांना बाहेर जाण्यापुरता वेळ देऊन. कुणी उठलं नाही. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, एकदा आबांकडे, एकदा तात्यांकडे, मग पुस्तकात बघून पुढं वाचायला लागले, आणि दोन ओळी चुकून पुन्हा वाचल्या.

भाकर म्हणजे मिरजगावहून आणलेला पाव, त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. माझ्यासमोर ताट आलं. मी तुकडा घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. आता काहीतरी होणार म्हणून मी सगळा जीव एकवटला होता. तेवढ्यात उजवीकडून आबा कुजबुजले, "चावू नको. नुसता इरघळू दे."

डावीकडून तात्या, "चाव की. खायलाच दिलाय."

"प्रभूचं शरीर हाय ते, तात्या."

"भाकर हाय म्हनून तर दिली. घे म्हनला, खा म्हनला. चघळ कुठं म्हनला?"

"हळू बोल."

"तूच सुरू केलंस."

आमच्या मंडळीत याबद्दल नियम असा काही नव्हता. साहेब खाकरले. दोघांवर परिणाम झाला नाही, आवाज फक्त माझ्या कानांच्या आणखी जवळ आले. तोंडात तुकडा तसाच, मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसू दाबून खांदे हलत होते. मागच्या बायकांना वाटलं, पोरगी किती भक्तीनं रडतेय. ओटा रिकामा होता. दोघंही आत होते, माझ्या दोन बाजूंना, गुडघ्याला गुडघा लावून भांडत.

मी तुकडा चावला.